तबलेवाला आला नाही त्या रात्री

महोदय,

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात मी बावीस वर्षे ऑर्गन वाजवतो. परवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावी आमचा तबलेवाला आलाच नाही. पोरगी तापाने फणफणलेली, येणार कसा? मंडप गच्च, बाया पोरं चादरी घेऊन बसलेली. ऑक्टोपॅडवाल्याने (ऑक्टोपॅड म्हणजे विजेवरचं तालवाद्य) ठेका धरला, मी दोन नाट्यपदं गाळली, उरलेली संथ केली. लावणीला मात्र फजिती झाली. ऑक्टोपॅडवर ढोलकीची थाप येते, घुमारा येत नाही. तरी पहाटेपर्यंत कोणी उठलं नाही.

मग हिशेबात आयोजकांनी तबल्याचे पैसे कापले. कापा, पण दुप्पट राबलेल्या ऑक्टोपॅडवाल्याला तरी द्या! वडसाच्या (देसाईगंजच्या) नाटक कंपन्यांनी मिळून हंगामापुरता एक राखीव तबलजी ठेवावा.

– एक ऑर्गनवाला, ता. देसाईगंज, जि. गडचिरोली