हात नसलेल्या ४५ खुर्च्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने विचारले होते, ‘मराठी नाटकाला तारखा मिळत नाहीत आणि पालिकेचे नाट्यगृह साहेबाच्या सिंफनीला? हे आपल्याकडे ऐकतो कोण?’ त्या सिंफनीच्या, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या पाश्चात्त्य रचनेच्या, मैफलीत त्या रंगमंचावर मी होते. सेकंड व्हायोलिनच्या गटात, चौथ्या स्टँडला (दोघांत एक नोटांचा स्टँड असतो), आतल्या खुर्चीवर. आतल्या खुर्चीवर बसणाऱ्याने वाजवणे क्षणभर थांबवून दोघांची पाने उलटायची असतात, एवढाच माझा मान. पण प्रश्न आमच्याबद्दल होता, म्हणून उत्तर देते.

आधी एक सांगायला हवे. पत्रलेखकाचे पहिले वाक्य खरे आहे. नाटकवाल्यांचे तारखांचे हाल मी जवळून पाहिले आहेत. माझे वडील गिरणीतली पाळी संपवून कामगार रंगभूमीवर काम करायचे. आणि तेवढ्यासाठीच पत्रलेखकाचे दुसरे वाक्य मनाला लागले. कारण आमचा वाद्यवृंद हा अगदी तोच प्रकार आहे. बँकेतले, रेल्वेतले, दोन दाताचे डॉक्टर, एक गणिताच्या बाई, कॉलेजातली सात-आठ मुले, नौदलाच्या बँडमधून निवृत्त झालेले ट्रम्पेटवाले काका. कोणाला पैसे मिळत नाहीत, उलट महिन्याची वर्गणी भरावी लागते. दर रविवारी सकाळी एका शाळेच्या सभागृहात तालीम. हौशी नाटकाला आपल्या राज्याने स्पर्धा दिली, मान दिला. ऑफिस सुटल्यावर संवाद पाठ करणाऱ्या कारकुनाला आपण कधी ‘हे कशाला?’ म्हणून विचारले नाही. मग तोच कारकून व्हायोलिनचा गज हातात घेऊन बसला, तर एवढा परका का होतो?

मी व्हायोलिन शिकले ते आपल्या पद्धतीने, मांडी घालून, वाद्याचे टोक पायाच्या घोट्यावर टेकवून. चाळिशीनंतर ते हनुवटीखाली धरायला आणि पाच रेघांवरचे स्वरलेखन वाचायला शिकले. सगळ्यात अवघड गेले ते आपल्या मर्जीने गज न फिरवणे. दहा जणांचे गज एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली गेले पाहिजेत. चुकून माझा एकटीचा वर गेला, तर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसतो. मी मींड घेणारी, एका सुरावरून दुसऱ्यावर हळूच सरकत जाणारी बाई. पहिली दोन वर्षे रडकुंडीला आले होते.

आता ‘साहेबाची’ या शब्दाबद्दल. आम्ही त्या दिवशी द्वोर्झाक या संगीतकाराची नववी सिंफनी वाजवली. द्वोर्झाक चेक होता. वडील खाटीक, गावात त्यांची खानावळ. त्या वेळी त्याच्या देशावर ऑस्ट्रियाचे राज्य होते. चेक भाषेला स्वतःचे नाट्यगृह मिळावे म्हणून लोकांनी झटून प्रागमध्ये तात्पुरते एक उभे केले, आणि हा गडी तरुणपणी तिथेच रंगमंचाखालच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षे व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे वाद्य) वाजवून पोट भरत होता. ही सिंफनी त्याने पुढे अमेरिकेत लिहिली. १८९३ च्या डिसेंबरात ती न्यूयॉर्कला पहिल्यांदा वाजली. आपल्या भाषेच्या नाटकासाठी धडपडणाऱ्यांमधून आलेला माणूस मराठी नाट्यगृहात परका ठरावा, हे मला पटत नाही.

आणि मुंबईला तरी हे नवीन कुठे आहे? व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ साली इथे बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात हौसेने वाजवणारे पारशी होते, गोव्याहून आलेले पोटार्थी वादक होते, फुंकवाद्यांना नौदलाच्या बँडमधली माणसे होती. मेहलींच्या घरातल्या तालमी ऐकत त्यांचे चिरंजीव, पुढे जगप्रसिद्ध झालेले वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता वाढले आणि १९५४ साली, अठराव्या वर्षी, व्हिएन्नाला गेले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत शिकून आलेले ते वादक दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवत. आपल्या आयांनी रेडिओवर ऐकलेल्या किती गाण्यांमागे त्यांची व्हायोलिने आहेत! गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली त्याच स्टुडिओंमधले शंभरावर वादक जमवून, आपले राग घेऊन, सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात मैफल केली. त्यांच्या त्या वाद्यवृंदाबरोबर लता मंगेशकर गायल्या, मन्ना डे गायले. आज शहरात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, उत्तम वाजवतो, मी तिकीट काढून जाते. पण त्यात भारतीय वादक मोजकेच, आणि नरिमन पॉइंटला रात्री साडेनऊला मैफल सुटल्यावर डोंबिवलीला घरी पोचणे म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून आम्ही आमच्या गावात वाजवतो.

नाट्यगृह मिळवतानाची गंमत नव्हे, कष्ट सांगते. खिडकीवर ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की पहिला प्रश्न, ‘गायक कोण?’ यात त्या कर्मचाऱ्याची चूक नाही, मराठीत या शब्दाचा अर्थ पन्नास वर्षे तोच आहे आणि त्या कार्यक्रमांवर मीही प्रेम केले आहे. ‘माइक किती लागतील?’ ‘एकही नको.’ यावर त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. आम्हाला हव्या होत्या फक्त हात नसलेल्या ४५ खुर्च्या. हाताच्या खुर्चीत व्हायोलिनवाल्याचा उजवा कोपर आपटतो आणि गुडघ्यांत उभे धरायचे चेलो तर बसतच नाही. नाट्यगृहात सगळ्या प्लास्टिकच्या, हाताच्या. शेवटी जवळच्या मंगल कार्यालयातून टेम्पोने आणल्या. मागच्या वर्षी तर एका नाट्यगृहाने आठ दिवस आधी आमची तारीख कुठल्याशा सभेसाठी काढून घेतली. तिकिटे छापून झाली होती. म्हणजे नाटकवाल्यांचे दुखणे तेच आमचे दुखणे आहे. आम्ही त्यांच्या तारखा खाणारे नव्हे, त्यांच्याच रांगेत मागे उभे आहोत.

‘ऐकतो कोण?’ त्या रात्री सुमारे साडेतीनशे माणसे होती. निम्मी आमची नातेवाईक, हे कबूल. दुसऱ्या भागात एक संथ धून आहे, खरे तर कोर आंग्ले या फुंकवाद्यावर वाजवायची. आमच्याकडे ते वाद्यही नाही आणि वाजवणाराही नाही, म्हणून ती आमच्या क्लॅरिनेटवाल्या मुलीने वाजवली. तो भाग संपला, गज अजून तारांवरून उचलले नव्हते, आणि मागून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, ‘वन्स मोअर!’ पुढच्या रांगांतून लगेच ‘शूऽऽ’ झाले. दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवायची नाही, असा आजचा शिष्टाचार आहे ना!

मला तेव्हापासून त्या ‘शूऽऽ’चे वाईट वाटते आहे. १८१३ साली व्हिएन्नामध्ये बेथोव्हेनची सातवी सिंफनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा लोकांनी तिचा दुसरा भाग हट्टाने पुन्हा वाजवून घेतला होता. म्हणजे त्या आजोबांनी केले ते मूळच्या श्रोत्यांसारखेच होते, आणि संगीत नाटक ऐकत वाढलेल्या माणसासारखेही. आमच्या निवेदकाने आधीच सांगायला हवे होते: आवडले तर खुशाल टाळी द्या. पुढच्या खेपेला मी ते स्वतः सांगणार आहे. सिंफनी लोकांना कळत नाही असे म्हणणारे आणि टाळीवर डोळे वटारणारे, दोघेही त्या आजोबांना दाराबाहेर काढतात.

पालिकेकडे मागणे फार नाही. नाट्यगृहांचा सोमवार-मंगळवार बऱ्याचदा रिकामा असतो. तीन महिन्यांतून एक असा दिवस हौशी नाटकाच्याच दराने मिळावा, दिलेली तारीख मोडू नये, वाजवण्याच्या वेळी वातानुकूलन यंत्राची घरघर कमी ठेवता यावी, आणि त्या खुर्च्या.

पत्रलेखकांनी एका रविवारी आमच्या तालमीला जरूर यावे. या सिंफनीत झांज एकदाच वाजते, शेवटच्या भागात, तीही हळू. आमचे झांजवाले गृहस्थ विरारहून येतात, दोन गाड्या बदलून. चाळीसेक मिनिटांच्या त्या रचनेत ते मांडीवर झांजा घेऊन मात्रा मोजत बसतात, ओठ हलताना दिसतात, मग उठून उभे राहतात. एकाही रविवारी त्यांनी दांडी मारलेली नाही. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी असते, तिथे बसून ऐकावे. अकराला चहा असतो.

आपली नम्र,
एक वाचक, डोंबिवली