अर्ज छाननीतच बाद होऊ नये म्हणून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यातल्या २९ महापालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ ला झाले, दुसऱ्या दिवशी निकाल लागले आणि कोण आले, कोण पडले याची चर्चा सुरू झाली. त्याआधीची ३१ डिसेंबर ही तारीख मात्र विस्मरणात गेली. त्या दिवशी अर्जांची छाननी होती. शहरोशहरी अर्ज बाद झाले, २ जानेवारीला माघारीची मुदत संपली आणि राज्यभरात साठहून अधिक जागांवर एकेकच उमेदवार उरला. यातल्या बऱ्याच जागा माघारीमुळे बिनविरोध झाल्या, हे खरे. पण काही ठिकाणी लढायची तयारी असलेला माणूस छाननीच्या टेबलावरच बाद झाला. नोटाला, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' या पर्यायाला, सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक घ्यायची, असे आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये ठरवले आहे. उमेदवार एकच उरला तर मात्र त्या जागेचे मतदानच होत नाही. मग मतदाराने नोटाचे बटण दाबायचे कुठे?

पालिका निवडणुकांचे अर्ज भरून देणे, तपासणे हे आमचे काम आहे. अर्ज बाद होण्याची कारणे बहुतेक वेळा किरकोळ असतात आणि महिनाभर आधी लक्ष घातले तर ती टाळता येतात. पक्षाच्या उमेदवारामागे वकील असतो, कार्यालय असते. अपक्षामागे, पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या बाईमागे कुणी नसते. त्यांच्यासाठी हे पत्र.

सुरुवात मतदारयादीपासून करावी. मोबाइलवर आपले नाव शोधले की जो यादीभाग आणि अनुक्रमांक दिसतो, तो विधानसभेच्या यादीचा असतो. पालिकेसाठी तीच यादी प्रभागांत फोडतात (या वेळी १ जुलै २०२५ ची यादी घेतली होती) आणि अनुक्रमांक नव्याने पडतात. अर्जात हा नवा क्रमांक लिहायचा असतो. घाईत जुना लिहिला जातो आणि छाननीत विरोधक त्यावर बोट ठेवतो. उमेदवाराचे नाव त्या शहरातल्या कुठल्याही प्रभागात असले तरी चालते, पण अर्जावर नाव सुचवणारा सूचक आणि त्याला दुजोरा देणारा अनुमोदक मात्र ज्या प्रभागातून उभे राहायचे त्याच प्रभागाचे मतदार हवेत. रस्त्याच्या पलीकडे राहणारा जिवाभावाचा मित्र कित्येकदा दुसऱ्या प्रभागात निघतो. म्हणून अंतिम प्रभागनिहाय यादीची छापील प्रत घ्यावी आणि प्रत्येक सूचकाचे नाव, वय, क्रमांक तिच्यावर पेन्सिलने खूण करून जुळवावा.

सूचक विश्वासाचाही हवा. २०२४ च्या लोकसभेला सुरतमध्ये सूचकांनी 'या सह्या आमच्या नाहीत' असे सांगितले, अर्ज बाद झाला आणि पुढे उरलेल्यांनी माघार घेतल्यावर ती जागा बिनविरोध गेली. एका जागेसाठी चारपर्यंत अर्ज भरता येतात, त्या सवलतीचा उपयोग इथे होतो. चारही अर्जांवर तीच माणसे घेतली तर ती सवलत वाया जाते. किमान दोन अर्ज वेगवेगळ्या सूचकांचे असावेत. सही सूचकाने आपल्यासमोर करावी, मतदार ओळखपत्राची प्रत सोबत ठेवावी आणि छाननीच्या दिवशी त्याला बरोबर न्यावे.

मुंबईत प्रभागाला एक नगरसेवक असतो. बाकी महापालिकांत बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत आणि अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेचे आरक्षण वेगळे आहे. अर्जात प्रभाग क्रमांकाबरोबर जागेचे अक्षर हवेच. ओबीसी महिला सर्वसाधारण जागेवर उभी राहू शकते, पण तिने चुकून अनुसूचित जातीच्या जागेचे अक्षर लिहिले तर तो अर्ज गेलाच समजा. अनामत महापालिकेला ५,००० रुपये आणि राखीव प्रवर्ग व महिलांना २,५०० रुपये आहे. राखीव प्रवर्गातल्या पुरुषाने ही सवलत घेतली तर जातीचा दाखला त्याच अर्जाला जोडलेला असावा.

सगळ्यात जास्त दमछाक होते ती जात वैधता प्रमाणपत्रापाशी. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याचा आणि वैधता जात पडताळणी समितीची, ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत, हेच अनेकांना माहीत नसते. समितीला पुरावा हवा असतो तो मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या त्या प्रवर्गासाठी ठरवलेल्या तारखेच्या, आधीचा: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, गाव नमुना १४. हे कागद मूळ गावी असतात, मोडी लिपीत असतात, पानाची कड झिजलेली असते. निवडणूक जाहीर झाल्यावर ते शोधायला निघालात तर वेळ निघून गेलेली असते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. दाखला आणि वैधता माहेरच्या नावाने, वडिलांच्या बाजूच्या पुराव्यावर मिळते. मतदारयादीत नाव सासरचे. दोन नावांची एकच व्यक्ती आहे हे दाखवणारा कागद, म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र, अर्जाला जोडलेले नसेल तर हरकत हमखास येते. लग्न वीस-पंचवीस वर्षांपूर्वी झालेले आणि नोंदणी केलेली नाही, अशी घरे पुष्कळ आहेत. ती नोंदणी आजही करता येते. उभे राहायचे मनात आले की पहिले काम हे करावे.

वैधता हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र देण्याचे हमीपत्र जोडण्याची सोय आहे. पोच नामनिर्देशनाच्या आधीच्या तारखेची हवी. आणि ती मुदत कुणी हलक्यात घेऊ नये. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाची सहा महिन्यांची मुदत बंधनकारक असल्याचे सांगितले, तेव्हा कोल्हापुरासह राज्यभरातल्या नगरसेवकांची पदे धोक्यात आली. सरकारने कायदा बदलून मुदत वाढवली. दर वेळी तसे होईल या भरवशावर कुणी निवडून येऊ नये.

शपथपत्रात एकही रकाना कोरा सोडू नका. माहिती नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' असे अक्षरात लिहा, नुसती रेघ ओढू नका. कोरे रकाने ठेवून अर्ज टिकणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे; मात्र त्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने उमेदवाराला ते भरायची आठवण द्यायला हवी, असेही त्याच निकालात आहे. ही दुसरी बाजू उमेदवाराने लक्षात ठेवावी. पत्नीच्या किंवा नवऱ्याच्या नावावरची गाडी, वडिलोपार्जित सातबाऱ्यावरचा हिस्सा, भागीदारीतली जागा, वीजबिलाची थकबाकी हे सगळे लिहायचे. अंबरनाथच्या २००४ च्या विधानसभा निवडणुकीत वीज थकबाकी आणि पत्नीच्या नावावरची मालमत्ता न लिहिल्यामुळे आमदाराची निवड रद्द झाली आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. गुन्हा दाखल असेल तर पोलीस ठाणे, गुन्ह्याचा क्रमांक, कलमे आणि न्यायालयातला खटला क्रमांक लिहावा; 'राजकीय आंदोलन' एवढे लिहून भागत नाही. प्रत्येक पानावर सही, शेवटी नोटरीचा शिक्का आणि तारीख. नोटरीकडे शेवटच्या दिवशी रांग असते, घाईत एखादे पान सहीविना राहते, आणि हरकत नेमकी त्याच पानावर येते.

थकबाकीबद्दल गैरसमज फार आहेत. महापालिका अधिनियमातली अपात्रता विशेष नोटीस बजावल्यावर तीन महिन्यांत पैसे न भरणाऱ्यासाठी आहे. काल आलेले पाणीबिल राहिले म्हणून कुणी अपात्र होत नाही. तरीही टेबलावर वाद घालण्यापेक्षा मालमत्ता कर आणि पाणीपट्टीचा थकबाकी नसल्याचा दाखला आधीच काढलेला बरा. घर वडिलांच्या नावावर असेल तरीही काढावा. तसेच स्वतःचे, पती-पत्नीचे किंवा अवलंबितांचे अनधिकृत बांधकाम असेल तर तेही नगरसेवकपद घालवू शकते. गॅलरी बंद करून खोली काढलेल्या प्रत्येकाने याचा विचार अर्ज भरण्याआधी करावा.

पालिकेशी झालेल्या ठेक्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे ही आणखी एक अपात्रता. रस्त्याच्या ठेकेदाराला ती माहीत असते. पालिकेच्या शाळेत पोषण आहार शिजवून देणाऱ्या बचत गटातल्या बाईला कुणी सांगितलेले नसते. गटाचा करार पालिकेशी असेल आणि ती गटाची सदस्य असेल तर हरकत येऊ शकते. वस्तीत शाळेची सर्वांत जास्त माहिती असलेली बाई हीच, आणि तीच बाद होते, याचे फार वाईट वाटते. उभे राहायचे असेल तर कराराची प्रत वकिलाला दाखवून, गरज पडल्यास गटातून रीतसर बाहेर पडल्याचा ठराव अर्जाच्या तारखेआधी करून घ्यावा.

दोन अपत्यांच्या अटीत १२ सप्टेंबर २००१ ही तारीख पाहतात. एक अपत्य असताना पुढच्या एकाच बाळंतपणात जुळी झाली तर ती एकच धरतात. अपत्य दत्तक दिले म्हणून अपात्रता टळत नाही. मुलांचे जन्मदाखले सोबत ठेवावेत.

पक्षाच्या उमेदवारांसाठी एकच सांगतो. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचा कागद, शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत, शाईच्या मूळ सहीनिशी पोचावा लागतो. झेरॉक्स किंवा व्हॉट्सअॅपवर आलेल्या प्रतीचा प्रिंट चालत नाही. तो येईल याची खात्री नसेल तर एक अर्ज अपक्ष म्हणून भरून ठेवा, आणि अपक्षाला सूचकांची वेगळी अट आहे का हे त्या निवडणुकीच्या सूचनांमध्ये पाहून घ्या.

छाननीला स्वतः जा. हरकत आली तर ती लेखी मागा, उत्तर लेखी द्या आणि अर्ज फेटाळला तर कारणांसह आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी घ्या. नगरपरिषदेला या आदेशावर जिल्हा न्यायालयात अपील करता येते. डिसेंबर २०२५ मध्ये काही नगरपरिषदांचे मतदान २ ऐवजी २० तारखेला गेले ते अशाच अपिलांमुळे. महापालिकेला ही सोय नाही. तिथे निकालानंतर दहा दिवसांत निवडणूक याचिका करायची आणि तिच्या निकालाची वाट पाहायची. शहर मोठे म्हणून तिथल्या उमेदवाराचा हक्क लहान का? सरकारने महापालिका अधिनियमातही तीन-चार दिवसांत निकाल देणाऱ्या अपिलाची तरतूद करावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. आणि विधानसभेला अर्ज घेताना जशी कागदपत्रांची तपासणी यादी भरून, त्रुटी लिहून उमेदवाराच्या हातात देतात, तशीच ती पालिकेच्या प्रत्येक टेबलावर सही-शिक्क्यानिशी मिळावी. त्रुटी छाननीच्या सकाळी कळून उपयोग नसतो. या वेळी अर्जांची मुदत २३ ते ३० डिसेंबर होती. नाताळ आणि रविवार वजा केले तर सहा दिवस उरले.

पालिकेच्या अर्जाची तयारी शाळेपासूनही होते, म्हणून शाळांबद्दल थोडे लिहायलाच हवे. पालिकांची शिक्षण मंडळे २०१३ मध्ये बरखास्त झाली. तेव्हापासून पालिकेच्या शाळेतली गळती, शिक्षकांची रिकामी पदे, स्वच्छतागृहे हे सगळे प्रश्न नगरसेवक आणि प्रशासनाच्या हातात आले. पालकांच्या हातात उरली ती शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. ही निवड पालकसभेत व्हायची असते. प्रत्यक्षात सभेची सूचना एका फलकावर लागते, सात-आठ पालक येतात आणि आधी ठरलेली नावे वाचून दाखवली जातात. पालकांनी सभेची तारीख लेखी मागावी, हजेरीपटावर सही करावी आणि इतिवृत्तात आपले नाव सुचवल्याची नोंद करून घ्यावी. या समितीवर दोन वर्षे काम केलेल्या आईला ठराव, इतिवृत्त आणि खर्चाच्या पावत्या कळतात. पालिकेचा अर्ज तिला अवघड जात नाही.

शेवटी, जे आत्ता हरलेत त्यांच्यासाठी. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. हरलेल्यानेही, अनामत गेलेल्यानेही. निवडणुकीसाठी उघडलेल्या स्वतंत्र बँक खात्याचा उतारा, दैनंदिन खर्चाचा नमुना, मंडप, रिक्षा, छपाई यांच्या पावत्या लावून तो द्यावा आणि पोच जपून ठेवावी. खर्च थोडाच झाला असेल तरी हिशेब द्यावाच लागतो. तो न दिल्याने अपात्र ठरलेले अनेकजण पुढच्या निवडणुकीत अर्ज भरायला येतात, तेव्हाच त्यांना हे पहिल्यांदा कळते. १६ जानेवारीपासून ३० दिवस मोजले तर १५ फेब्रुवारी येते, आणि तो रविवार आहे. शुक्रवारीच देऊन टाका.

आपले,
पालिका निवडणुकांचे अर्ज तपासून देणारे काही नागरिक