पाणभुंगेरे आणण्याआधी

प्रिय विनू,

पाणभुंगेरे पाळायचं ठरवलंस, छान. पण "माशांची टाकी रिकामीच आहे, तिच्यात सोडतो" असं लिहिलंयस, तिथे जरा थांब. मासा पाण्यातला प्राणवायू घेतो, भुंगेरा नाही घेत. तो पाठीचं टोक पाण्याच्या वर काढतो, कडक पंखांखाली हवा भरून घेतो आणि पुन्हा बुडी मारतो. म्हणून पाण्याइतकंच लक्ष पाण्याच्या पृष्ठभागाकडे दे. टाकी साबणाने अजिबात धुऊ नकोस, मीठ आणि गरम पाणी पुरे. साबणाचा अंश राहिला तर भुंगेऱ्याचं अंग भिजतं, हवा टिकत नाही आणि पोहण्यात तरबेज असलेला हा किडा चक्क बुडून मरतो. चरबीच्या खाद्यामुळे तेलकट साय धरते तीही तितकीच वाईट. साधा कागद पृष्ठभागावर टेकवून उचललास की साय निघून येते.

तीन सेंटिमीटरच्या चार भुंगेऱ्यांना चाळीस लिटरची टाकी आणि पंधरा-वीस सेंटिमीटर पाणी पुरतं. क्लोरीन काढलेलं पाणी घे. स्पंज फिल्टर लाव, पण मंद. जोराच्या प्रवाहात ते दमतात. अंगातल्या हवेमुळे ते सारखे वर तरंगतात, म्हणून तळाशी धरायला काटक्या आणि वनस्पती हव्यातच. विकतच्या वनस्पतींवर कीटकनाशक असू शकतं, तेव्हा त्या दोन आठवडे वेगळ्या ठेव आणि पाणी बदलत राहा. माशांच्या औषधांतलं तांबंही घातक असतं.

पाण्याबाहेर डोकावणारं लाकूड किंवा बुचाचा तुकडा बहुतेक जण विसरतात. भुंगेरा त्यावर चढतो आणि मागच्या पायांनी ग्रंथींचा स्राव अंगभर चोळतो. त्या स्रावामुळे अंगावर जंतू आणि बुरशी वाढत नाहीत. कोरडी जागा नसेल तर काही दिवसांत अंगावर कापसासारखं काहीतरी दिसायला लागतं. रात्री ते उडतातही, म्हणून बारीक जाळीचं झाकण हवं आणि फिल्टरच्या नळीभोवतीची फटही बुजव.

विकत घेताना पोहणं बघ. दोन्ही मागचे पाय एकदम मारत असेल तर तो शिकारी. आळीपाळीने मारत, धडपडत जात असेल आणि हवा घ्यायला डोक्याकडून वर येत असेल तर तो दुसऱ्या कुळातला. त्याचा प्रौढ मुख्यतः वनस्पती आणि कुजकं खातो. हे पत्र शिकाऱ्याबद्दलचं आहे.

खायला कोळंबीचा, बिनचरबीच्या माशाचा तुकडा किंवा छोटा नाकतोडा, आठवड्यातून दोन-तीनदा. तुकडा चिमट्याने पुढे धर, वासावर येतो. उरलेलं तीन-चार तासांत काढ, नाहीतर पाणी गढूळतं. उपाशी ठेवलेस तर एकमेकांचे पाय कुरतडतात. जिवंत मासे सोबत ठेवायचा विचारही नको.

पैदास करायची असेल तर जाड, मऊ देठांच्या वनस्पती दे. नराच्या पुढच्या पायांवर गोल चकत्या असतात, तेवढ्यावरून जोडी ओळखता येते. मादी देठाला चीर पाडून आत अंडं घालते. चिरांच्या खुणा दिसल्या की देठ दुसऱ्या टबात हलव, कारण बाहेर पडणाऱ्या अळ्या मोठ्यांच्या तोंडी जातात.

अळ्यांनाही एकत्र ठेवायचं नाही. एका डब्यात दोन अळ्या म्हणजे दुसऱ्या दिवशी एकच जाडजूड अळी! प्रत्येकीला वेगळा डबा, पाच-सात सेंटिमीटर पाणी आणि वर चढायला काडी, कारण तिला शेपटीचं टोक पृष्ठभागाला लावून श्वास घ्यावा लागतो. सुरुवातीला डासांच्या अळ्या, मग छोटे नाकतोडे. तिचे कोयत्यासारखे जबडे पोकळ असतात. पाचक रस आत सोडून ती भक्ष्य पातळ करून शोषते, मागे उरतं नुसतं टरफल. ते रोज काढ आणि पाणीही रोजच बदल. हाताने उचलू नकोस, चावली तर फार झोंबतं.

ती दोनदा कात टाकते. त्यानंतर पूर्ण वाढ झाली की खाणं सोडून डब्याच्या कडेकडेने अस्वस्थ फिरते. हीच वेळ, आणि बहुतेक अळ्या इथेच हातच्या जातात. पाण्यातच राहू दिलीस तर मरेल. आठ-दहा सेंटिमीटर थर होईल इतकं ओलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दुसऱ्या डब्यात दाबून भर. मुठीत दाबल्यावर गोळा व्हायला हवा, पण पाणी टपकायला नको. अळी वर ठेव, ती स्वतः खाली जाऊन गोल खोली करते. पंचवीस अंशांना तीन ते पाच आठवडे लागतात. खोली उकरून बघू नकोस. कोषातून निघालेला भुंगेरा पांढुरका आणि मऊ असतो, कडक व्हायला आठवडाभर आतच थांबतो. बाहेर आल्यावर तो पाण्यात घाल, लाकडाजवळ उथळ जागी.

टाकीचा फोटो पाठव, वनस्पती कुठल्या आहेत तेही कळव.

तुझा,
अभ्या