खर्रा खाणाऱ्यांचे ब्लॉक फेकू देऊ नका : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका प्रयोगशाळेत 21 वर्षांपासून हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे रोगासाठी तपासायच्या विभागाचा, तंत्रज्ञ आहे. रुग्णाच्या तोंडातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत माझ्या टेबलावर येतो. कधी तुरीच्या डाळीएवढा, कधी त्याहून लहान. त्यातलं पाणी काढायचं, तो मेणात बसवायचा (त्यालाच ब्लॉक म्हणतात), गार झालेला ब्लॉक मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर, लावून 4 मायक्रॉनचे काप घ्यायचे. काप कोमट पाण्यावर सोडला की दुधावरची साय पसरावी तसा पसरतो. तो अलगद काचेवर उचलला की माझं काम संपतं. पुढचं डॉक्टर बघतात.

बाटलीवरच्या चिठ्ठीत नाव, वय आणि जागा असते. 'डावा गाल', 'खालची हिरडी'. वय वाचलं की हात थबकतो. 28. 33. काल एक 26 होतं.

हा तोंडाचा कर्करोग कशाने होतो ते विदर्भात कुणाला सांगावं लागत नाही. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून घोटतात, त्याच पन्नीत बांधून देतात. तोच खर्रा. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण खर्रा ठेल्यावर डोळ्यांदेखत तयार होतो. कापूस वेचायला आलेल्या बाईच्या ओच्यात पुडी असते, शाळा सुटलेल्या पोराच्या खिशात असते. पहिली खूण म्हणजे तिखट झोंबायला लागतं. "काही नाही जी, ठेचा लागते फक्त," असं म्हणत माणूस वर्ष काढतो. मग तोंड उघडेनासं होतं, तीन बोटं जायची तिथे एक जातं. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच नोंदवलं आहे. तंबाखू वगळून सुपारी चघळणाऱ्यांनी तरी हे ऐकावं.

पण मी खर्राबंदी मागायला लिहीत नाही. त्यासाठी गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी मुक्तिपथ या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमातून गावोगाव झटत आहेत. माझं मागणं माझ्या टेबलावरच्या त्या मेणाच्या तुकड्याबद्दल आहे.

माझा मामेभाऊ आर्वीकडचा, कोरडवाहू शेती. गालात चट्टा आला, एका रुग्णालयात तुकडा काढला, रिपोर्ट आला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या, आम्ही परत बघतो. ब्लॉक आणायला आम्ही त्या पहिल्या रुग्णालयात गेलो. एका खोलीत पत्र्याखाली खोक्यांत ब्लॉक भरून ठेवलेले, मे महिना, वर्ध्याचं ऊन. मेण मऊ पडून काही ब्लॉक एकमेकांना चिकटले होते, नंबर पुसले होते. दोन दिवस शोधला, मिळाला नाही. पुन्हा तुकडा काढावा लागला, 19 दिवस गेले. आज भाऊ आहे, खालचा अर्धा जबडा नाही. ते 19 दिवस मिळाले असते तर किती वाचलं असतं हे मी सांगू शकत नाही, पण तो ब्लॉक माझ्यासारख्याच कुणी तंत्रज्ञाने हाताने बनवला होता. तो हरवला, ही गोष्ट मला अजून बोचते.

साहेब, त्या ब्लॉकमध्ये निदानाच्याही पलीकडचं काहीतरी असतं. आपल्या पेशीत जनुकाचा निरोप आरएनएच्या लांब पट्टीवर उतरतो आणि त्यावरून प्रथिन बनतं. त्याशिवाय काही अगदी लहान आरएनए असतात, साधारण 22 अक्षरांचे. त्यांच्यापासून कुठलंच प्रथिन बनत नाही. यांना मायक्रो-आरएनए म्हणतात. हे निरोपाच्या पट्टीला चिकटतात आणि तो निरोप दाबून टाकतात. शेतात पाण्याच्या लाइनीवर वाल असतो ना, तसं यांचं काम. स्वतः पाणी देत नाहीत, पण कुठल्या वाफ्यात किती जाईल ते यांच्या हातात.

1993 मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना एका मिलिमीटरभर लांबीच्या जंतात हे पहिल्यांदा दिसलं. जंताचीच काही खासियत असेल म्हणून फार कुणी लक्ष दिलं नाही. 2000 साली लेट-7 नावाचा असाच आरएनए माणसातही सापडला, तेव्हा जग जागं झालं. 2024 चं नोबेल या दोघांना मिळालं. कर्करोगाशी या लहान आरएनएंचा संबंध 2002 मध्ये दिसला. रक्ताच्या एका कर्करोगात तेराव्या गुणसूत्राचा जो भाग गळतो, तिथेच असे दोन लहान आरएनए बसलेले होते. पुढे कळलं की लेट-7 हा रास या जनुकाला आवरून धरतो, तो कमी झाला की रास मोकाट सुटतं. उलट मायक्रो-आरएनए-21 वाढला की पेशीची वाढ रोखणारी जनुकं, म्हणजे तिचे ब्रेक, दाबली जातात. तोंडाच्या कर्करोगात तो वाढलेला अनेकदा सापडला आहे.

हे लहान आरएनए लाळेत आणि रक्तातही टिकतात. उद्या थुंकीच्या थेंबावरून चट्टा कर्करोगात बदलणार की नाही ते आधी ओळखता येईल, अशी आशा त्यातूनच आहे. अजून ती रोजच्या वापरातली तपासणी झालेली नाही. यावर औषध करण्याचा प्रयत्नही झाला, पण मायक्रो-आरएनए-34 ची चाचणी 2016 मध्ये गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली. रस्ता लांबचा आहे, हे मला कळतं.

पण रस्त्यावर चालायला आपल्याकडे जे आहे ते इतर कुठे नाही. फॉर्मॅलिन आणि मेणात लांब आरएनएचे तुकडे पडतात. मायक्रो-आरएनए मुळातच इतका लहान की तो बराचसा शाबूत राहतो, वर्षानुवर्षं जुन्या ब्लॉकमधूनही काढता येतो. अमेरिका-युरोपातल्या अभ्यासांत सिगारेट आणि दारूवाले रुग्ण जास्त. आपला कर्करोग गाल आणि हिरडीच्या सापटीतला, पुडी दाबून ठेवतात तिथला. कर्करोगाच्या जनुकांच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारताने मुद्दाम हाच कर्करोग निवडला होता. मग खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडात कुठला वाल कधी बिघडतो, हे नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथल्या महाविद्यालयांनी नाही शोधायचं तर कुणी? आणि ते शोधायचे ब्लॉक आपण पत्र्याखाली वितळू देतो.

म्हणून मागणं साधं आहे. विदर्भातल्या प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ब्लॉकसाठी एक गार, कोरडी खोली आणि संगणकावर नोंद असावी. रुग्णाने मागितला तर ब्लॉक त्याच दिवशी हातात पडावा. बायोप्सीच्या फॉर्मवर खर्रा किती वर्षं, दिवसाला किती पुड्या, पुडी कोणत्या बाजूला, असा एक रकाना असावा. माझ्या टेबलावर येणाऱ्या फॉर्मवर तो नाही, आणि त्या माहितीशिवाय ब्लॉक अर्धा मुका आहे. संशोधनासाठी वापर करायची संमती रुग्णाच्या भाषेत, वाचून दाखवून घ्यावी. खोली आणि एसीचा खर्च एका मोठ्या यंत्राच्या तुलनेत काहीच नाही. माझ्यासारख्या तंत्रज्ञांच्या रिकाम्या जागा भरल्या तर नोंदी ठेवायला माणूसही मिळेल.

तोवर आशाताईंच्या हातात बॅटरी आणि तोंड कसं बघायचं याचं नीट प्रशिक्षण द्या. ते खातं आपलं नसेल, तर आपल्या सहकारी मंत्र्यांपर्यंत पोहोचवा. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात असं नुसतं डोळ्यांनी तोंड बघून तंबाखू-दारूवाल्यांमधले मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले, हे 2005 मध्ये छापून आलं आहे.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला येता. एका दुपारी, ताफा बाजूला ठेवून, नागपूर जिल्ह्याबाहेरच्या एखाद्या महाविद्यालयातली ब्लॉकची खोली बघा. कुठलाही एक खोका उघडा आणि त्यातल्या कुठल्याही नंबराचा माणूस आता कुठे आहे, एवढं विचारा.

आपला नम्र,
एक हिस्टोपॅथॉलॉजी तंत्रज्ञ, जि. वर्धा