निळीचा डाग

डोंबिवली,
१७ ऑगस्ट

प्रिय बंड्या,

तुझे नाना गेले तेव्हा फोनवर ‘येतो’ म्हणालो आणि आलो नाही. त्याला दीड वर्ष झालं. मध्ये दोनदा तुझा नंबर काढला आणि दोन्ही वेळा फोन खाली ठेवला. शिव्या घालायच्या त्या घाल, पण आधी पत्र वाच. मेसेजमध्ये हे मावणारं नाही आणि फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस.

तब्येत बरी. साखर गोळीवर आहे. आई ताईकडे नाशिकला, तिच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. झालं, संपली तब्येत.

घर विकायला काढलंय. ताईने आणि मी हक्कसोडपत्र करून सगळं आईच्या नावावर केलं. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव चढवायला सेक्रेटरीने चार महिने लावले. हो, तेच सेक्रेटरी, आणि उन्हाळ्यातलं तेच जाकीट. एजंटने बासष्ट लाख सांगायला लावले. एक जोडपं आलं, तो ऐरोलीला कंपनीत, ती शाळेत शिक्षिका, एक मुलगी. छप्पन्नपासून सुरुवात करून एकोणसाठला आले. आई साठावर अडलेली, पण एकोणसाठला ती ‘बरं’ म्हणाली असती हे तुलाही कळतं. टोकन घ्यायचा दिवस ठरला. आणि सगळं थांबलं. आज बावीस दिवस झाले, तिकडून फोन नाही. मीही करत नाही. गोट्यांच्या सौद्यात तूच शिकवलं होतंस ना, की आधी बोलतो तो हरतो? तुझ्या त्या शहाणपणामुळे माझ्या सतरा काचेच्या गोट्या गेल्या ते वेगळं.

एजंट दोन दिवसांआड येतो, चहा पितो आणि म्हणतो, “साहेब, सत्तावन्नला सोडून टाका.” आधी राग आला. मग हिशेब केला. त्याला दोन्हीकडून एकेक टक्का मिळतो. माझे दोन लाख गेले तर त्याचे माझ्याकडून दोन हजार जातात, त्यांच्याकडून दोन हजार. तेवढ्यासाठी तो का रक्त आटवेल? त्याला व्यवहार व्हायला हवा, कितीलाही.

आता सत्तावन्न कुठून आले ते सांगतो. खरं पत्र इथून सुरू होतं.

मे महिन्यात घर दाखवायच्या आधी मी स्वयंपाकघराचं छत रंगवून घेतलं. फक्त छत. का ते तुला कळलंच असेल. पेंटर म्हणाला, “ऑइल प्रायमर मारून वर डिस्टेंपर देतो, पाऊस संपेपर्यंत काही दिसणार नाही.” मी म्हटलं दे. जुलैच्या शेवटच्या रविवारी ते जोडपं तिसऱ्यांदा आलं, या वेळी तिच्या आईला घेऊन. बाई आल्या, पाणी प्यायल्या आणि मान वर करून म्हणाल्या, “बाकीचं घर एवढं कळकट आणि इथलंच छत कसं नवीन?” आणि मग त्यांना फळीच्या वरचं ते पिवळट कडं दिसलं. पाऊस संपायची वाट त्याने पाहिली नव्हती.

मी काय बोललो असेन? “जुना डाग आहे हो. गळती वगैरे काही नाही.”

बंड्या, हे वाक्य बोलताना मला माझ्या तोंडून नाना ऐकू आले. अगदी त्याच चालीत. “आमच्या मोरीतून थेंब जात नाही.”

१९८८ चा मे. नानांनी मोरी वाढवून आमच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर आणली होती आणि आमचे वडील, भाऊ, रोज छताकडे बघून जेवत होते. निळीची पुडी मी आणली, आईच्या डब्यातून. तुमच्या मोरीत ओतलीस तू, आणि वर दोन बादल्या पाणी. तिसऱ्या दिवशी आमच्या छतावर आकाशी चंद्रकोर. आपण दोघं तिच्याकडे बघत उभे होतो आणि तू म्हणालास, “कुणाला सांगायचं नाही.” तुला मार बसला असता म्हणून, की नाना खोटे पडले असते म्हणून, ते मी तुला कधी विचारलं नाही. मी मात्र भित्रा होतो म्हणून गप्प बसलो. भाऊंना वाटलं चुना निळा मारलाय. मग सोसायटीच्या वार्षिक सभेतला तो तमाशा, आणि पुढे अकरा वर्षं दोघं एकाच लोकलला, एक पुढच्या डब्यात, एक मागच्या. फडके रोडवर दिवाळीच्या सकाळी समोरासमोर आले तर एकाला गणपतीच्या देवळात काम निघायचं. आपण गच्चीवर क्रिकेट खेळत होतो. (तू बाद होतास. भिंतीला लागून कॅच हा आऊटच. सदतीस वर्षांनीसुद्धा.)

त्या रविवारी रात्री मी त्या जोडप्याच्या बाजूने कागद मांडला. एकोणसाठला बँक जास्तीत जास्त ऐंशी टक्के देणार, म्हणजे सत्तेचाळीस लाख वीस हजार. उरलेले अकरा-ऐंशी त्यांचे. शिवाय सात टक्के स्टँप ड्यूटी, चार लाखांच्या वर, नोंदणीचे तीस हजार, एजंटचे एकोणसाठ हजार. सोळा-सतरा लाख हातात हवेत. म्हणजे वरून गळणारं छत दुरुस्त करायला त्यांच्याकडे काही उरतच नाही. म्हणून ते दोन लाख कमी मागतायत, एकोणसाठचे सत्तावन्न. पण गंमत बघ, मी दोन लाख सोडले तर कर्जही त्याच मापाने घटणार. त्यांच्या खिशातले वाचणार चाळीस हजार आणि स्टँप ड्यूटीचे चौदा. माझे दोन लाख जातील आणि वरची मोरी तशीच गळेल. आम्ही सगळे चुकीच्या आकड्यावर बावीस दिवस रुसून बसलोय.

(ड्यूटीत एक टक्का वाचवायला घर एकट्या बायकोच्या नावावर घ्या, असं एजंटने सुचवलं होतं. एकोणसाठ हजार वाचले असते. नवऱ्याने विषय बदलला. माणूस म्हणून तो मला तेव्हाच आपल्यातला वाटला.)

कंत्राटदार आणला. तो म्हणतो, वरच्या मोरीच्या टाइल्स काढून नहाणी ट्रॅप (पाणी जायचं तोंड) बदलायचा, नवीन कोबा, वॉटरप्रूफिंग, पुन्हा टाइल्स, पंच्याऐंशी हजार. मी देतो म्हटलं. भाव एकोणसाठ, दुरुस्ती माझी, टाइल्स बसवून दोन दिवस पाणी साठवून दाखवायचं, मगच टोकन. आणि त्या शिक्षिकाबाईंना सरळ सांगायचं की मी खोटं बोललो होतो. ते मी परवा करणार आहे, एजंटला न घेता. ते उठून गेले तर गेले.

पण वरचे ऐकत नाहीत. सोसायटीच्या उपविधीत आहे, मोरीची गळती ज्याची त्याने निस्तरायची. ते दाखवलं तरी ते म्हणतात, “आम्ही २००९ ला घर घेतलं तेव्हा मालकांनी गळती नाही म्हणून सांगितलंय. आता तुम्ही घर विकताय तर आमच्या टाइल्स का फोडायच्या?”

मालक म्हणजे तू.

मला तुझ्यावर चिडायचा हक्क नाही, मी मे महिन्यात तेच केलं. पण फोन तूच करायला हवास. तुला ते अजून मानतात, तू त्यांना गॅसचं सिलिंडर भरलेलं सोडून गेलास याचं कौतुक त्यांनी मला चारदा ऐकवलं. त्यांना सांग, पैसे मी देतोय, टाइल्स त्यांनी निवडाव्यात. आणि जमलं तर निळीचं सांग. मी सांगितलं तर ते म्हणतील घर खपवायला गोष्ट रचली.

मुलीचं इंजिनिअरिंग कुठवर आलं? वहिनींचा गुडघा? बेंगळुरूला पाणी यंदा पुरतंय ना? सगळं पुढच्या पत्रात विचारतो, खरंच.

त्यांचा नंबर मागे लिहिलाय. रविवारी दुपारी ते झोपतात, चारनंतर कर.

तुझा,
पम्या