नस कुठे दबतेय ते आधी बघ

प्रिय मंदार,

तुझं पत्र मिळालं. इतके महिने हात ठणकतोय आणि मला आत्ता कळवतोयस, त्याबद्दल भेटल्यावर बोलेनच. तू वर्णन केलेलं सगळं माझ्या ओळखीचं आहे. कोपराच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला खोलवर ठणका, घट्ट झाकण पिळताना उठणारी कळ, आणि रात्री हात नेमका ठेवावा कुठे हा प्रश्न. मी यातून गेलोय, म्हणून जरा लांबण लावतो. सहन कर.

पहिली गोष्ट, कोपराखाली आवळून बांधतोस तो पट्टा सध्या काढून ठेव. हा टेनिस एल्बोच, असं तू परस्पर ठरवून टाकलंयस. असेलही. पण त्याचं दुखणं बहुधा कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर असतं, बोट ठेवून दाखवता येतं. तू सांगतोस ती जागा त्याच्या तीन-चार बोटं खाली, मांसल भागात आहे. तिथे रेडियल नर्व्हची, म्हणजे हातातल्या एका मज्जातंतूची (आपण त्यालाच नस म्हणतो), एक खोल फांदी सुपिनेटर नावाच्या स्नायूच्या कडेखालून आत शिरते. तळवा वर फिरवतो तो हा स्नायू. तिथे नस चिमटली तर त्याला रेडियल टनेल सिंड्रोम म्हणतात, आणि तो पट्टा बसतो बरोबर त्याच जागेवर! माझं दुखणं पट्ट्याने वाढत गेलं, तेव्हाच आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना शंका आली.

कुठली नस, हे बोटंही सांगतात. करंगळी आणि तिच्या बाजूची अर्धी अनामिका बधिर होत असेल तर अल्नर नर्व्ह, बहुतेक वेळा कोपराशी दबलेली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री झोपमोड होऊन हात झटकावासा वाटत असेल, तर मनगटात दबलेली मीडियन नर्व्ह. मान वळवली की कळ हातात उतरत असेल तर मूळ मानेत. रेडियल टनेलमध्ये मात्र मुंग्या सहसा नसतातच, नुसतं दुखतं. त्यात नर्व्ह कंडक्शन टेस्टही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी) बरेचदा नॉर्मल येते. तेव्हा रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून कुणी ‘काही नाही झालेलं’ म्हटलं, तर ऐकून घे आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखव.

आता तुझ्या टेबलाबद्दल, कारण माझ्या मते निम्मं दुखणं तिथेच तयार होतं. (ही तक्रार कॉम्प्युटरच्या आधीची आहे बरं का. बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७१३ साली लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणं दिली होती: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. तिसरं कारण आपण सगळे विसरतो.) माऊस धरलेला तुझा हात एकदा दुसऱ्याच्या नजरेने बघ. आकड्यांच्या कळा असलेला लांबलचक कीबोर्ड, त्याच्या पलीकडे माऊस. म्हणजे दंड अंगापासून लांब, तळवा पूर्ण पालथा, आणि मनगट वर उचललेलं. मनगट आणि बोटं उचलून धरणारे स्नायू दिवसभर सुट्टीच घेत नाहीत, आणि ती नस त्यांच्यातूनच जाते.

सगळ्यात जास्त फरक मला माऊस जवळ आणल्याने पडला. आकड्यांच्या कळा नसलेला आखूड कीबोर्ड घेतला, त्यामुळे माऊस आपोआप खांद्यासमोर आला. नंतर उभा माऊस घेतला, ज्यात तळवा हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा उभा राहतो. त्याची सवय व्हायला वेळ लागतो, सुरुवातीला शिव्या देशील. अधूनमधून डाव्या हाताने माऊस चालवायलाही शिकलो, पण सगळं काम तिकडे ढकलू नकोस, नाहीतर दोन्ही हात जातील. खुर्ची अशी वर घे की कोपर काटकोनात किंवा किंचित उघडा राहील आणि कीबोर्ड कोपराच्या पातळीला येईल. पाय लोंबकळले तर खाली पाट ठेव. टेबलाची धारदार कड हाताला रुतू देऊ नकोस. लॅपटॉप उंचावर ठेवून त्याला वेगळा कीबोर्ड लाव, कारण पडदा आणि कळा एकाच पातळीवर असल्या की मान तरी वाकते, नाहीतर खांदे तरी चढतात. महागड्या खुर्चीच्या नादी मात्र लागू नकोस. उत्तम खुर्चीत तीन तास न हलता बसण्यापेक्षा साध्या खुर्चीतून दर अर्ध्या तासाने उठलेलं बरं.

साहेबांशी बोलायला संकोचतोयस, ते कळलं. सवलत मागतोय असं न बोलता नेमकं मागणं ठेव: अमुक कीबोर्ड, तमुक माऊस, आणि महिनाअखेरचे तक्ते एका बैठकीत न करता तीन-चार दिवसांत विभागून. शेवटचं सगळ्यात अवघड, पण सोडू नकोस. लांब मजकूर बोलून टाइप करता येतो, तेही सुरू कर.

थेरपीबद्दल. तो रबरी चेंडू दाबणं आजच बंद! मूठ आवळताना मनगट स्थिर ठेवायला तेच, मनगट उचलून धरणारे स्नायू राबतात. जोरजोरात ताणणंही नको. सायकलच्या ब्रेकची तार जशी नळीतून सरकते, तशी नस आजूबाजूच्या स्नायूंमधून मागेपुढे सरकायला हवी, तिला खेचायचं नसतं. सशांच्या नसेवरच्या प्रयोगात ती सुमारे ८ टक्के ताणली तेव्हाच तिच्यातला रक्तप्रवाह मंदावू लागला, आणि १५ टक्क्यांच्या आसपास पार थांबला. म्हणून नर्व्ह ग्लायडिंगचे व्यायाम हळूच करायचे, एका टोकाला सैल सोडत दुसऱ्या टोकाला ताण देत, आणि कळ येण्याच्या अलीकडेच थांबायचं. ते पुस्तकात बघून नाही, समोर बसून शिक. बाईंनी माझे खांद्याच्या फऱ्याचे व्यायाम आधी सुरू केले, तेव्हा मला वाटलं, दुखतंय कुठे आणि चाललंय काय. पण खांदा आधार द्यायला लागला तसा खालच्या हातावरचा भार कमी झाला. वजन उचलणं फार नंतर आलं, तेही अगदी हलकं. व्यायाम जास्त झाला की नाही, हे त्या वेळच्या दुखण्यावरून न ठरवता दुसऱ्या दिवशी सकाळी हात कसा आहे त्यावरून ठरव. चढउतार होतील. माझाही एकदम बरा झाला नाही, कुरकुरण्याचे दिवस हळूहळू विरळ झाले.

फक्त काही गोष्टींत थांबायचं नाही. मनगट किंवा बोटं उचलता येईनाशी झाली, वस्तू हातातून पडू लागल्या, अंगठ्याजवळचं मांस खोलगट दिसू लागलं, बधिरपणा जाईचना, किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर लगेच डॉक्टरांकडे जा. एकदा साखर, थायरॉइड आणि बी-१२ ही तपासून घे, नसांचं दुखणं त्यांच्यामुळेही बळावतं. ऑपरेशनची भीती आत्तापासून नको. शक्ती जात नसेल तर आधी काही महिने हेच उपाय करून बघतात.

तू काम करत असताना कुणाला तरी बाजूने एक फोटो काढायला सांग आणि मला पाठव. मुद्दाम ताठ बसू नकोस, नेहमी बसतोस तसाच बस.

तुझा,
अभय

ता. क. रात्री आडवा होऊन कोपर दुमडून मोबाइल बघतोस, हे मला वहिनींकडून कळलंय. तेही बंद.