आवेची डबी आधी बघू द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

मी एका ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. पावसाळा लागला की 'मुरडा येतो, रक्ती आव पडते' म्हणणाऱ्यांची ओपीडीत रीघ लागते. डॉक्टर शौच तपासणी लिहून देतात. माणूस पहाटे घरी भरलेली डबी घेऊन एसटीने येतो, केसपेपरच्या रांगेत उभा राहतो. डबी माझ्या टेबलावर येईतो अकरा वाजून गेलेले असतात. मग मीही आधी रक्ताचे नमुने उरकतो. खोटं कशाला बोलू, त्या डबीला हात लावायची घाई कुणालाच नसते.

अशा आवेमागे अमीबा हा एकपेशीय परजीवी असू शकतो. पातळ शौचातल्या जिवंत अमीबाची हालचाल मात्र अर्ध्या-एक तासात थांबते, मग तो ओळखूही येत नाही. मी 'आढळले नाही' असं लिहून मोकळा होतो. शिवाय तो रोज सापडतोच असं नाही, म्हणून दहा दिवसांत तीन नमुने बघायचे असतात. तिसरी डबी मी पाहिल्याचं आठवत नाही. मजुरी बुडवून कोण तीनदा येणार?

उलटा घोटाळाही होतो. रोगकारक अमीबा एन्टामिबा हिस्टोलिटिका आणि त्याचा निरुपद्रवी भाऊबंद एन्टामिबा डिस्पार यांच्या सिस्ट (कवचातली सुप्त अवस्था) सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारख्या दिसतात. या दोन वेगळ्या जाती आहेत हे 1993 साली मान्य झालं. आमच्या अहवालात आजही सरसकट हिस्टोलिटिकाच. तांबड्या पेशी गिळलेला अमीबा दिसला तर गोष्ट वेगळी, नाहीतर फरक अँटिजेन चाचणी (अमीबाची प्रथिनं ओळखणारी) किंवा पीसीआर (त्याचा डीएनए शोधणारी) चाचणीच सांगते.

खरी धास्ती पुढे आहे. मोठ्या आतड्यातले व्रण पाहून अल्सरेटिव्ह कोलायटिस (जंतुसंसर्गाशिवाय होणारा मोठ्या आतड्याचा दाह) म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड दिलं आणि आजार अमीबाचा निघाला, तर आतडं फुटण्यापर्यंत वेळ येते.

साहेब, इमारत नको. प्रयोगशाळेशेजारी पाण्याची सोय असलेलं शौचालय द्या, म्हणजे नमुना तिथंच ताजा मिळेल. (आमच्याकडे आहे, त्याला कडी नाही.) रक्त-आवेचा नमुना सर्वांत आधी बघायचा, असा लेखी आदेश काढा. पुढच्या दोन नमुन्यांसाठी फॉर्मॅलिनच्या (नमुना टिकवणाऱ्या द्रावणाच्या) बाटल्या द्या; त्यात सिस्ट आणि जंतांची अंडी टिकतात, रुग्णाला खेप पडत नाही. अँटिजेन किट निदान जिल्हा रुग्णालयात ठेवा, आणि स्टेरॉइडआधी ती चाचणी सक्तीची करा.

कडी मी स्वखर्चाने बसवतो.

आपला,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ